कायद्याने हात बांधलेत म्हणून पोलिसांना खबर मिळत नाही, हे कितपत खरं?

परळचा_पोरगा

मंडळी, एक प्रश्न डोक्यात घोळतोय, जाणकारांनी जरा उजेड टाका. गणपतीच्या आधी पोलीस स्टेशनला मंडळांची मीटिंग असते, यंदाही झाली. परवानग्या, स्पीकर, विसर्जनाचा रूट सगळं उरकल्यावर चहा घेताना एक अधिकारी बोलता बोलता म्हणाले की आता पूर्वीसारखी माहिती हाती लागत नाही, फोन ऐकायचा तर मंत्रालयातून ऑर्डर, सीडीआर (कुणी कुणाला कधी फोन केला याची कंपनीकडची नोंद) पाहिजे तर डीसीपींची सही, संशयिताला नुसता आणून बसवला तरी वकील दारात हजर, मग खबर येणार कुठून. आमच्या मंडळातल्या जुन्या लोकांनी लगेच माना डोलावल्या, बरोबर आहे साहेब, नव्वदच्या दशकात बघा कशा गँग मोडल्या, तेव्हा कोण विचारत होतं परवानग्या वगैरे.

मला ते अर्धवट वाटलं पण उलट बोलायला माझ्याकडे माहिती नव्हती. म्हणून विचारतो, खरंच कायद्यामुळे खबर कमी झाली का? नक्की कुठला कायदा कुठे आडवा येतो? आणि बंधनं ढिली केली तर आपल्यासारख्यांना फायदा होईल की उद्या आपलेच फोन ऐकत बसतील? कृपया २०२१ चं टॅपिंगवरचं राजकीय भांडण इथे उकरू नका, त्यावर दोन धागे ऑलरेडी लॉक झालेत.

---

रिटायर्ड_एएसआय

भाऊ, त्या साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही पण मूळ दुखणं ते नव्हे. मी शिपाई म्हणून लागलो आणि एएसआय होऊन रिटायर झालो, त्यातला बराच काळ मिल स्पेशलला काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईत पोलीस स्टेशनला एखाद-दोन माणसं असतात ज्यांना वर्दी नाही आणि काम एकच, हद्दीत काय शिजतंय ते सिनियर साहेबांच्या कानावर घालायचं. मोर्चा निघणार का, कुठल्या युनियनचं कुणाशी वाजलंय, कुठल्या मंडळात दोन गट पडलेत, जेलमधून कोण सुटून आलाय आणि कुणाकडे उठतो-बसतो. गिरण्या गेल्या, पण मिल स्पेशल हे नाव टिकलं.

हल्लीच्या पोरांना खबर म्हणजे फोन ऐकणं असंच वाटतं. आमच्या वेळी खबर म्हणजे पानवाला, इस्त्रीवाला, लॉजचा मॅनेजर, भंगारवाला, बारमधला वेटर. यांच्याशी बोलायला कुठल्या कलमाची परवानगी तेव्हा लागत नव्हती आणि आजही लागत नाही, मग ते का आटलं? चाळी पडून टॉवर झाले, गेटवरचा वॉचमन ॲपमध्ये नोंद करतो पण कुठल्या मजल्यावर कोण राहतो ते शेजाऱ्यालाही माहीत नाही. २००५ ला डान्सबार बंद केले, लोकांना हसू येईल पण रातोरात कुणाकडे पैसा आला ते सगळ्यात आधी तिथे कळायचं. पुढे कोर्टाने बंदी उडवली, पण ती माणसं पांगली ती पांगलीच. त्यात बदल्या. एका हद्दीत माणूस ओळखीचा व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तेवढ्यात ऑर्डर निघते. उरलेला वेळ बंदोबस्त, व्हीआयपी, निवडणूक, पुन्हा बंदोबस्त.

आता कायद्याची भीती कुठे लागते ते सांगतो. खबरी काही हरिश्चंद्र नसतो, त्याची उठबस गुन्हेगारांतच असते म्हणून तर तो आपल्या कामाचा. पण उद्या तो कुठल्या केसमध्ये अडकला आणि त्याच्या सीडीआरमध्ये माझा नंबर निघाला तर जबाब द्यायचा मी. तो माझा माणूस होता हे सिद्ध कसं करणार, कुठे लिहिलेलंच नसतं, सगळं हवालदाराच्या डोक्यात. साहेब लोक वर गेल्यावर ओळख द्यायचे नाहीत. हे बघून नवीन पोरांनी ठरवलं की त्या भानगडीतच नको, ऑफिसात बसून सीडीआर मागवू आणि लोकेशन काढू. म्हणजे खबरी ठेवायला कायद्याने बंदी केली नव्हती, ठेवला तर पाठीशी कुणी नव्हतं.

आणि नव्वदच्या दशकाचं जरा कमी कौतुक करा. तेव्हा खबरा पावसासारख्या यायच्या हे खरं, पण त्यातल्या कितीतरी एका गँगने दुसऱ्या गँगच्या दिलेल्या असायच्या. कुणाचा हिशोब कोण चुकता करतंय आणि त्यात आपल्या हातून काय होतंय, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडायचा.

---

काळाकोट_फोर्ट

एएसआय काकांनी जमिनीवरचं सांगितलं, मी कोर्टातलं सांगते. लांबेल, पण अर्धवट सांगितलं की गैरसमज वाढतात.

फोन टॅपिंगचा पाया १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट, कलम ५(२). त्यात दोन अटी, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. यातली एक तरी असल्याशिवाय पुढची कारणं बघायचीच नाहीत. शंभर वर्षं या अटींकडे कुणी फारसं बघितलं नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ऑर्डर गृहसचिवाची पाहिजे, मुदत पाहिजे आणि आढावा समितीने ती तपासली पाहिजे. त्यावरून पुढे नियम ४१९अ आला. ऑर्डर ६० दिवसांची, वाढवत नेली तरी जास्तीत जास्त १८० दिवस. आता २०२३ चा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आणि त्याखाली डिसेंबर २०२४ चे नवे नियम आहेत, पण सांगाडा बराचसा तोच.

तुमचे साहेब म्हणतात मंत्रालयातून ऑर्डर लागते, खरं आहे. पण तातडी असेल तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला आधी ऐकायला सुरुवात करून नंतर मंजुरी घेता येते, सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर थांबवायचं आणि नव्या नियमांनुसार ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपला १९९९ चा राज्याचा कायदा, त्यातही तशीच सोय आहे, अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याने परवानगी द्यायची आणि ४८ तासांत रीतसर अर्ज करायचा. मोक्काची ही टॅपिंगची कलमं २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली होती, २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत उभी केली. मग हात बांधलेत म्हणजे नक्की कुठे? हे सगळे सरकारी लोक सरकारी लोकांनाच परवानगी देतात, आढावा समितीतही सचिवच, कुठल्याही टप्प्यावर न्यायाधीश नाही. मला विचाराल तर हा दोर फार सैल आहे.

त्यातून नियम मोडलेच तरी आपल्याकडे पुरावा सहसा बाद होत नाही. हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये ज्या निकालात सांगितलं ती केस मुंबईचीच, मलकानी नावाचे इथले कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) होते, डॉक्टरकडे पैसे मागतानाचं बोलणं लाचलुचपतवाल्यांनी फोनला टेपरेकॉर्डर जोडून टिपलं. कोर्ट म्हणालं, पुरावा गैरमार्गाने मिळाला असला तरी चालेल, खरा आणि संबंधित असला म्हणजे झालं. याला छेद गेला तो २०१९ मध्ये विनित कुमारच्या केसमध्ये. लाचेच्या प्रकरणात टॅपिंग झालं होतं, मुंबई हायकोर्टाने विचारलं यात सार्वजनिक सुरक्षितता कुठे आली, आणि तिन्ही ऑर्डर रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. मागे २०१७ चा पुट्टस्वामीचा प्रायव्हसीचा निकाल होताच. २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टानेही तोच सूर लावला. त्यामुळे आर्थिक गुन्ह्यात टॅपिंग अवघड झालं हे मान्य. बॉम्ब, अपहरण, गँग यात अजिबात नाही.

खरा फास बघायचाय तर ड्रग्जच्या केसेस बघा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ४२ सांगतं की खबर मिळाली की ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठाला पाठवायची. ते अजिबात केलंच नाही तर आरोपी सुटू शकतो, माल किलोने सापडलेला असला तरी. आम्ही बचावाचे वकील पहिला प्रश्न तिथेच टाकतो. याचा परिणाम असा की अमली पदार्थवाले खबर नीट लिहायला शिकले, वेळ टाकायला शिकले. साध्या गुन्ह्यात मात्र अजून तेच छापील वाक्य, 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली', आणि तो बातमीदार कोण हे पोलिसाला कोर्टात सांगायला लावता येत नाही. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२५, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात १३१. म्हणजे काकांच्या पानवाल्याला कायद्याने उलट संरक्षणच दिलंय.

सीडीआरचं डीसीपींच्या सहीचं बंधन तुलनेने नवीन. २०१३ मध्ये दिल्लीत एका बड्या विरोधी पक्षनेत्याचे सीडीआर बेकायदा काढल्याचं उघड झालं, त्यानंतर केंद्राने एसपी, म्हणजे शहरात डीसीपी, याच्या खालच्याला ते मागवता येणार नाहीत असं ठरवलं. नियम बरोबर आहे. पण परिणाम दोन्हीकडे झाला, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारं रॅकेट पकडलं, त्यात खाजगी डिटेक्टिव्ह होते. समोरच्या दारावर सही लागली तर मागच्या दाराला भाव येतो.

---

भायखळा_फास्ट

हे सगळं कोर्टात ठीक आहे ताई. २६/११ ला माणसं मेली तेव्हा कुठल्या आढावा समितीने वाचवलं? अतिरेक्याला प्रायव्हसी कसली. माझा फोन ऐका, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

---

जुना_पेपरवाला

@भायखळा_फास्ट, २६/११ चं उदाहरण नेमकं उलटं पडतं. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताजवर होऊ शकतो, असे इशारे आधी आलेले होते, हे पुढे जाहीर झालंय. खबर नव्हती असं नाही, ती टेबलावरून टेबलावर गेली आणि किनाऱ्यावर, हॉटेलच्या दारात तिचं काही झालं नाही. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीनेही बोट ठेवलं ते यंत्रणेच्या ढिलाईवर. हल्ला चालू असताना एटीएसने अतिरेकी आणि त्यांना पाकिस्तानातून सूचना देणारे हँडलर यांचे कॉल पकडले, तेव्हा टॅपिंगच्या कायद्याने कुणाला अडवलं नाही. तेच रेकॉर्डिंग पुढे कसाबच्या खटल्यात पुरावा झालं आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टात टिकलं.

आता दुसरं उदाहरण घ्या, ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट. तपास मुख्यतः कबुलीजबाबांवर उभा राहिला. २०१५ ला स्पेशल कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाब मारहाण करून घेतल्यासारखे आहेत, एकमेकांच्या कॉपीसारखे आहेत, विश्वास ठेवता येत नाही म्हणाले. सुप्रीम कोर्टाने तो निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिलीय, पण सुटलेल्यांना परत आत टाकायला सांगितलं नाही. १९ वर्षं गेली. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांना आज कोण काय सांगणार? माणूस आणून बसवला आणि बोलता केला, ही जी पद्धत तुमच्या मंडळातल्या लोकांना हवीय तिचा हा शेवट आहे.

मी क्राइम कव्हर करायचो त्या काळात पोलिसांना कायद्यापेक्षा जास्त अडचण एकमेकांची व्हायची. एका युनिटचा खबरी दुसऱ्या युनिटने उचलायचा. स्पेशल ब्रांचला माहीत असलेलं क्राइम ब्रांचला आमच्या पेपरातून कळायचं. यावर कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही कारण त्यात दोष कायद्यावर ढकलता येत नाही.

बाकी लपवण्यासारखं काही नाही म्हणता ते लपवण्याबद्दल नाहीच हो. खरक सिंगची केस वाचा. उत्तर प्रदेशातला माणूस, १९४१ मध्ये दरोड्यात धरला, पुरावा नाही म्हणून सोडला, तरी त्याची हिस्ट्रीशीट (पोलिसांकडची गुन्हेगार म्हणून फाईल) उघडली आणि पोलीस रात्रीबेरात्री दार वाजवून तो घरी आहे का बघायला यायचे. १९६२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने ते रात्रीचं दार वाजवणं रद्द केलं. बाकीची पाळत मात्र राहू दिली.

---

दादरकर_जर्सीत

वरचं वाचून न्यूयॉर्कचं सांगावंसं वाटलं. मी इथे नदीच्या पलीकडे राहतो, हा वाद आम्ही पेपरात बरीच वर्षं वाचतोय.

न्यूयॉर्क पोलीस पूर्वी राजकीय संघटना, युद्धविरोधी पोरं, कृष्णवर्णीय चळवळी यांच्या फायली ठेवायचे. १९७१ मध्ये हँडशू नावाने खटला झाला आणि १९८५ ला कोर्टासमोर तडजोड झाली की गुन्ह्याची ठोस माहिती असल्याशिवाय राजकीय हालचालींवर नजर ठेवायची नाही, आणि परवानगी तीन जणांची समिती देणार ज्यात एक जण पोलिसाबाहेरचा. ९/११ नंतर पोलीस कोर्टात गेले, म्हणाले या नियमांनी आमचे हात बांधलेत (ओळखीचं वाक्य वाटतंय ना). २००३ मध्ये नियम बरेच ढिले झाले.

त्यानंतर काय झालं ते बघा. डेमोग्राफिक्स युनिट नावाचं पथक काढलं, साध्या वेशातली माणसं मुस्लिम वस्त्यांतली हॉटेलं, दुकानं, मशिदी फिरून कोण काय बोलतं ते लिहून आणायची. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेसने ते बाहेर काढलं. २०१२ मध्ये गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखालाच शपथेवर विचारलं गेलं, तो म्हणाला की माझ्या कारकिर्दीत या युनिटच्या माहितीवरून एकही तपास सुरू झाला नाही. २०१४ ला ते बंद केलं. २०१७ च्या तडजोडीत बाहेरचा माणूस परत समितीत आला.

म्हणजे बंधन काढल्यावर माहितीचा ढीग वाढला, कामाची खबर नाही. उलट ज्या वस्तीतून कुणीतरी आपणहून येऊन सांगितलं असतं तिथले लोक पोलिसांशी बोलायचे बंद झाले. ९२-९३ नंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या निघाल्या त्यांचं डोकं बरोबर याच्या उलट होतं, आधी बोलणं सुरू करा मग खबर आपोआप येते. माझे काका एका कमिटीत होते, त्यांनी कधी कुणाची चुगली केली नसेल पण बाहेरची चार पोरं गल्लीत येऊन राहिली की ते स्वतः चौकीवर जाऊन सांगायचे.

पण इथली सगळी बंधनं शहाणपणाचीच आहेत असं नाही. हँडशूच्या पहिल्या नियमांत काही गोष्टी खरंच जाचक होत्या, उघड्या सार्वजनिक सभेला जाऊन बसायलाही कागद लागायचा. त्यात पोलिसांचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

---

भायखळा_फास्ट

ओके, सात-अकराचं, म्हणजे लोकल स्फोटांचं मान्य, तिथे तुम्ही चूक असं मी बोलणार नाही. पण व्हॉट्सॲपचं काय? गुन्हेगार सगळे व्हॉट्सॲप कॉलवर, पोलीस ऐकू शकत नाहीत. हे तरी कायद्याचं बंधन आहे की नाही?

---

काळाकोट_फोर्ट

नाही. आयटी ॲक्टचं कलम ६९ परवानगी देतंच. ऐकता येत नाही कारण २०१६ पासून तिथे दोन्ही टोकांना कुलूप आहे आणि मध्ये कंपनीकडेही चावी नाही. सरकारने २०२१ च्या नियमांत पहिला मेसेज कुणी पाठवला ते शोधून द्या अशी अट घातली, कंपनी त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली. हे कायदा कडक असल्याचं उदाहरण नाही, कायदा आहे आणि हातात काही येत नाही याचं आहे. आणि म्हणूनच परत काकांच्या वेटर आणि इस्त्रीवाल्याकडे यावं लागतं, फोनला कुलूप असलं तरी तो फोन धरणारा माणूस कुठेतरी जेवतो, कुठेतरी झोपतो.

---

रिटायर्ड_एएसआय

वकीलताई बरोबर बोलल्या. एक भर घालतो. ऑर्डरच्या कागदाला माझी हरकत कधीच नव्हती, कागद असला की मला आधार असायचा. साहेबाने तोंडी सांगायचं, अमक्यावर लक्ष ठेव, आणि तो अमका निघायचा साहेबाच्या ओळखीच्या बिल्डरचा भाडेकरू. अशा वेळी लेखी मागितलं की साहेब गप्प व्हायचे. कायदा कडक असला की खालच्या माणसाला नाही म्हणता येतं, हे वरच्या लोकांना आवडत नाही म्हणून ते मीटिंगमध्ये रडतात.

पण कडक करणाऱ्यांनीही एक बघा, खबऱ्याला द्यायचे पैसे. सिक्रेट फंड असतो, तो खाली हवालदारापर्यंत किती झिरपतो ते विचारू नका. आम्ही खिशातून चहा-बिडी करायचो. मग काही जण ते पैसे बाहेरून वसूल करायला लागले आणि खबरी कधी पार्टनर झाला ते त्यांनाही कळलं नाही. खबऱ्याची गुप्त नोंद, त्याला ठरलेले पैसे आणि वरच्या एका अधिकाऱ्याची सही, एवढी शिस्त लावली असती तर आम्हाला ते बंधन नसतं वाटलं.

---

परळचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काका, तुमची शेवटची पोस्ट मंडळाच्या ग्रुपवर टाकली तर चालेल का, नाव न देता? आणि ताई, एक शेवटचं. वर्षाला किती फोन ऐकतात आणि त्यातून किती केसेस उभ्या राहतात हे आपल्यासारख्याला कुठे बघायला मिळतं? त्याशिवाय हात बांधलेत की सैल सोडलेत हे ठरवणार कसं?

---

काळाकोट_फोर्ट

चांगला प्रश्न. मोक्काचं कलम २७ बघ. किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, तातडीत किती झाले, त्यातून किती खटले भरले याचा वार्षिक अहवाल राज्य सरकारने वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत विधिमंडळासमोर ठेवायचा, असं त्यात लिहिलंय. फक्त सुरक्षेला बाधक असेल तो भाग गाळायची मुभा आहे. टेलिग्राफवाल्या टॅपिंगसाठी अशी विधिमंडळात आकडे ठेवायची सोयच नाही, तिथे सगळं सचिवांच्या समितीत राहतं.

आरटीआय टाकून बघ, पण कलम २४(४) खाली राज्याला आपल्या गुप्तवार्ता संस्था वगळता येतात, त्यामुळे अर्ज थेट पोलिसांकडे न टाकता गृह विभागाकडे टाक आणि नावं, नंबर काही मागू नकोस, फक्त संख्या आणि कलम २७ च्या अहवालाची प्रत माग. त्याहून सोपं म्हणजे तुमच्या आमदाराला सांग, नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न टाकायला. गेल्या पाच वर्षांचे अहवाल सभागृहापुढे कोणत्या तारखांना ठेवले, एवढाच प्रश्न. लांबलचक लिहू नकोस, लांब प्रश्नाला लांब आणि गोल उत्तर येतं.

---

रिटायर्ड_एएसआय

टाक ग्रुपवर. बिल्डरचं वाक्य तेवढं काढ, साहेब अजून हयात आहेत.